कोठाराची दुसरी किल्ली

“घडलं तेवढं लिही. मनात आलं ते लिहू नकोस. आणि कुणी विचारलं, तर विचारलं तेवढंच सांग. त्याला शेपूट जोडू नकोस.”

नानांना जाऊन तीस वर्षं झाली होती, पण छावणीचं फाटक दिसलं की ताईंच्या कानात हा आवाज हटकून यायचा. जन्मभर मुलकी कचेरीत काम करून नानांचं बोलणंसुद्धा रकान्यांतून चालल्यासारखं झालं होतं. ताई मनातल्या मनात ‘हो नाना’ म्हणायच्या, पदर सावरायच्या आणि पहारेकऱ्याला ओळखपत्र दाखवायच्या. पहारेकरी त्यांना एकोणतीस वर्षं रोज बघत आला असता तरी त्यांनी ओळखपत्र दाखवलंच असतं. नेम म्हणजे नेम.

छावणीच्या मागच्या अंगाला दारूगोळ्याचं कोठार होतं. जाड दगडी भिंती, एक लोखंडी दार आणि त्या दाराच्या पोटातच बसवलेली दोन कुलपं. वरच्या कुलपाची किल्ली लष्कराची. ती कोठाराच्या सुभेदाराकडे. खालच्या कुलपाची किल्ली मुलकी. ती ताईंकडे, रात्रंदिवस अंगावर. रोज सकाळी सातला दोघांनी एकमेकांसमोर दार उघडायचं, संध्याकाळी पाचला तसंच लावायचं. त्याआधी नोंदवहीत चार रकाने भरायचे: वेळ, मागणी कोणाची, कारण काय, किल्ली लावली की नाही. मग सही. कवायत असो, नेमबाजीचा सराव असो, सरहद्दीवर निघालेली तुकडी असो. ह्या चार रकान्यांवाचून एक काडतूस बाहेर पडत नसे.

“म्हणजे ताई, सेनापतीसाहेब मोठे की तुम्ही?” नवा सुभेदार बदलून आला की पहिल्याच आठवड्यात हे विचारायचा.

“मोठे तेच,” ताई हळू आवाजात म्हणायच्या. “मी आपली खालच्या कुलपाएवढी.”

हे दुसरं कुलूप आलं कुठून, ते त्यांना नानांनी सांगितलं होतं. नानांच्या तरुणपणी एका सकाळी सेनापती सभागृहात शिरला, निवडून आलेल्या लोकांना म्हणाला घरी जा, आणि ते गेले. “का गेले? कारण त्याच्याकडे बंदुका होत्या आणि ह्यांच्याकडे फायली,” नाना म्हणायचे. अकरा वर्षं तो खुर्चीवरून हलला नाही. मग पुन्हा लोकांचं राज्य आलं, तेव्हा तुरुंगातून सुटलेल्या माणसांनी कायदे नव्यानं लिहिले. त्यांत हे कुलूप होतं. नाना त्याचे पहिले किल्लीदार.

“सैन्य म्हणजे घराचा पहारेकरी,” जेवताना नाना दोन्ही पोरांना समजावत. “तो शूर हवा, त्याचा मान राखायला हवा. पण कुठल्या दाराशी उभं राहायचं ते घरच्यांनी सांगायचं. पहारेकरीच पलंगावर जाऊन झोपला, तर घरच्यांनी काय उंबऱ्यावर बसायचं?”

दोन पोरं म्हणजे ताई आणि त्यांच्याहून चार वर्षांनी लहान असलेला धाकटा. आई लवकर गेली. धाकट्याची शाळा, ताप, फाटलेल्या चड्ड्या, सगळं ताईंनीच निस्तरलं. त्याचं कौतुक करता करता स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं, त्याचंही त्यांना फारसं काही वाटलं नाही. धाकटा मोठा होऊन लष्करात गेला, तेव्हा नानांनी त्याला जवळ घेतलं आणि त्याच आठवड्यात किल्लीसाठी वारस म्हणून ताईंचं नाव कचेरीत लावलं.

“वर्दी तुला, किल्ली तिला,” नाना म्हणाले. “दोन्ही एका हातात नकोत. मग तो हात माझ्या लेकाचा का असेना.”

“बरंय,” धाकटा हसला. “बंदूक माझी, दार हिचं. नाना, तुम्ही आमचं भांडण लावूनच जाणार.”

ते बोलणं तेव्हा सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं.

*

ताईंच्या निवृत्तीला सात महिने उरले असताना प्राध्यापिका बाई आल्या. वय पस्तिशीचं, केस आखूड, बोलणं भरभर. सैन्यावर लोकांचा हात कसा राहिला, ह्याचा त्या इतिहास लिहीत होत्या. दहा वर्षं त्यांनी कायदे वाचले होते, सभागृहातली भाषणं वाचली होती, आता जुन्या नोंदवह्या वाचायला वरून परवानगीचं पत्र आणलं होतं. कचेरीत ताईंच्या टेबलासमोर त्यांना एक डुगडुगणारं टेबल मिळालं. ताईंनी त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि वह्या काढून दिल्या.

“शाईचं पेन जवळ ठेवू नका हं,” तेवढं मात्र त्या म्हणाल्या.

बाईंना वह्यांचं वेडच लागलं. “ताई, हे बघा ना! ‘मागणी: कर्नल. कारण: मुलीच्या लग्नात सलामीसाठी. लावली नाही.’ कर्नलला नाही म्हणालात?”

“नाना म्हणाले. तो राग धरून बसला होता वर्षभर. पण मुलीचं लग्न छान झालं म्हणे.”

“सलामीशिवाय?”

“फटाके लावले असतील.”

बाई खळखळून हसल्या. ताईंनाही त्या आवडू लागल्या. दुपारी त्या आपल्या डब्यातलं काहीबाही पुढे करत. गोड असलं की ताई हात जोडत. “गोड खात नाही.” साखरेचा त्रास असेल, असं समजून बाईंनी पुढे विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून ताईंनी सांगितलं नाही. धाकटा घरी जेवायला येईल तेव्हाच गोड खायचं, असं त्यांनी देवापुढे बोलून ठेवलं होतं. त्याला एकोणतीस वर्षं झाली होती.

दहाव्या दिवशी बाई ज्या वहीपाशी पोचल्या, ती कुठली हे ताईंना पुठ्ठ्याच्या रंगावरूनच कळलं. त्या उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

“ही ती बंडाची सकाळ!” बाईंचा आवाज चढला. “‘वेळ: सहा वाजून दहा मिनिटं. मागणी: हवालदार’, आणि हे नाव. ‘कारण: सांगितलं नाही. किल्ली: दिली नाही.’ ताई, अक्षर तुमचं. आणि हे आडनावही तुमचंच.”

“माझा धाकटा भाऊ.”

“अगं बाई!” बाई उठून उभ्याच राहिल्या. “सख्खा?”

“सख्खा.”

“आणि तुम्ही सख्ख्या भावाला नाही म्हणालात! हे कुठल्याच पुस्तकात आलं नाही. चौकशीच्या अहवालात नुसतं ‘एक हवालदार’ आहे.” त्या दोन दिवस झपाटल्यासारख्या लिहीत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या आनंदानं ते पान ताईंना वाचून दाखवलं.

“‘त्या सकाळी बंड एका घराच्या दारात आलं ते भावाच्या रूपानं. त्यानं रक्ताच्या नात्याची शपथ घातली. बहिणीनं कायद्याची राखली. तो फितूर हवालदार रिकाम्या हातानं परतला आणि लोकशाही वाचली.’ कसं वाटतं?”

ताईंच्या हातातला पाण्याचा पेला टेबलावर टेकला तो जरा जोरातच. पाणी सांडलं. त्यांनी आधी वही उचलली, मग पाणी पुसलं, मग खाली बसल्या.

“तसं नाही ते,” त्या म्हणाल्या. इतकं हळू की बाईंना पुढे वाकावं लागलं.

*

एकोणतीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी सभागृहात तेव्हाच्या सेनापतीला पदावरून काढायचा ठराव यायचा होता. सकाळी नऊला बैठक. सेनापतीच्या मनात त्याआधीच सभागृहाला वेढा घालायचा होता. जवान मैदानात उभे केले होते, पण बंदुकांत घालायला कोठारातली काडतुसं हवीत आणि खालचं कुलूप बंद. दार फोडावं तर आत दारूगोळा. घण घालायची किंवा ज्योत लावायची सोय नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, किल्लीवालीचा भाऊ आपल्यातच आहे की.

ताई देवापाशी बसल्या होत्या. कडी वाजली. दारात धाकटा, वर्दीत. गल्लीच्या तोंडाशी जीप उभी आणि जीपला टेकून एक कप्तान इकडेच बघतोय.

“ताई, किल्ली दे.”

“कशाला?”

“हुकूम आहे.”

“कोणाचा? मुलकी कागद आहे?”

“नाही.”

“मग नाही, बाळा.”

तेव्हा तो मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, “ताई, मला मान खाली घालून परत पाठवू नकोस!” पण त्याचे डोळे त्या बोलण्यात नव्हते. लहानपणी शाळेत मार खाऊन आला की दारात असाच उभा राहायचा, रडू आवरून. किल्ली ताईंच्या उजव्या हातात होती. पूजा करतानाही ती हातात धरायची सवय. धाकट्यानं तो हात धरला. ताईंना वाटलं, आता हा हिसकावणार. आपण ओरडायचं की नाही, एवढाही विचार त्यांना सुचला नाही. त्यानं त्यांची बोटं एकेक करून किल्लीवर मिटवली. करंगळीपासून सुरुवात केली. मूठ पुरी झाल्यावर वरून आपल्या तळव्यानं एकदा दाबली, वळला आणि गेला.

जीपकडे जाता जाता तो मोठ्यानं म्हणाला, ते दाराआडून ताईंना स्पष्ट ऐकू आलं. “साहेब, किल्ली घरी नाहीच म्हणते. नदीपलीकडच्या कचेरीत, तिजोरीत असते.”

किल्लीदारानं किल्ली अंगावरच ठेवायची, हा मुलकी लोकांचा नियम कप्तानाला काय ठाऊक? त्यानं जीप नदीपलीकडे पिटाळली. कचेरी बंद. चौकीदाराला उठवलं, दार फोडलं, तिजोरी फोडली. आत निघाले वाळलेले शाईचे ठसे आणि नानांच्या काळातला एक छत्रीचा दांडा. जीप परत यायला दहा वाजले. ताई त्या सकाळी कोठार उघडायला गेल्याच नव्हत्या. साडेनऊलाच सभागृहात ठराव झाला होता. सेनापती आता सेनापती राहिला नव्हता, आणि रिकाम्या बंदुका घेऊन उभ्या असलेल्या जवानांना कुणीतरी नाश्त्याला सोडलं होतं.

कप्तान त्या दुपारीच पसार झाला, तो पुन्हा सापडला नाही.

मग चौकशी बसली. ताईंची वही हा मुख्य पुरावा. सेनापतीचा वकील त्या वहीत एक तरी खोट काढायला टपून बसला होता. साक्षीच्या पिंजऱ्यात ताईंना विचारलं, “हवालदारानं किल्ली मागितली?” ताई म्हणाल्या, “हो.” “तुम्ही दिली?” “नाही.” “तेव्हा किल्ली कुठे होती?” “माझ्या मुठीत.” एवढंच. मूठ कोणी मिटवली हे कुणी विचारलं नाही. जीप कचेरीकडे का गेली, हेही त्यांना विचारलं नाही. घरी मिळाली नाही म्हणून ह्यांनी कचेरी फोडली, असं सगळ्यांनी धरूनच घेतलं. कचेरी फोडणाऱ्यांत धाकटा होता, म्हणून तो गुन्हाही त्याच्याच माथी बसला.

तो समोरच्या बाकावर बसला होता. त्याला विचारलं, “मागितली का?” तो म्हणाला, “मागितली.” आणि मग ताईंकडे बघत राहिला. ताईंनी जमिनीकडे बघितलं.

त्याला सैन्यातून काढलं. पत्र्याची पेटी न्यायला तो घरी आला तेव्हा ताईंनी ताट वाढून ठेवलं होतं. तो बसला नाही.

“ताई, तुझी वही खरी आहे,” एवढंच बोलला. “मी कुठे खोटी म्हणतोय.”

*

“तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?” बाईंनी विचारलं. त्यांचं लिहिणं केव्हाच थांबलं होतं.

“आधी वाटलं, विचारतील. विचारलं की सांगू. नानांनी तसंच वळण लावलेलं. मग सगळे उठून जेवायला गेले. रात्रभर विचार केला, उद्या आपणहून उभं राहावं. पण तो वकील म्हणाला असता, बहीण भावाला वाचवतेय. मग माझं तोंड खोटं, म्हणून वहीही खोटी. आणि वही खोटी ठरली की सेनापती सुटला. नाना म्हणायचे, एका पानावर डाग पडला की सगळी वही जाते.” त्यांनी पदराच्या टोकानं कोरडंच टेबल पुन्हा पुसलं. “मी वही राखली हो. चुकलं असं छातीठोक म्हणता येत नाही, आणि बरोबर होतं म्हणावं, तर घास उतरत नाही.”

“आता कुठे असतात ते?”

“डोंगरापलीकडे. गावोगाव फिरून शिवणयंत्रं दुरुस्त करतो. एका शिंप्याकडून कळलं. मी वर्षाला एक पत्र टाकते. उत्तर येत नाही. पण पत्र परतही येत नाही. म्हणजे घेतो, ठेवतो कुठेतरी. त्याच्यावरच दिवस काढलेत.”

बाई उठल्या, ताईंच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. “ताई, मी दहा वर्षं कलमं पाठ करतेय. कायदा इतका भक्कम म्हणून बंड फसलं, असं मी सगळीकडे लिहिलंय. आणि कायदा त्या सकाळी कुणाच्या हातात होता, तर तुमच्या मुठीत. ती मूठ मिटवली एका हवालदारानं. स्वतःच्या कप्तानाशी खोटं बोलून.”

“मग तसं लिहा ना.”

“कशाच्या आधारावर?” बाईंनाच ते बोलताना जड गेलं. “एकोणतीस वर्षांनी बहीण सांगतेय. उद्या दुसरा कुणी उठून म्हणेल, सेनापतीसुद्धा देवमाणूस होता, माझ्या आत्याला विचारा. ज्यानं केलं त्यानं सांगायला हवं, ताई. मी पुस्तक महिनाअखेरीला छापखान्यात देणार. शाळांतून लागणार आहे ते. फार तर मी त्यांचं नाव गाळते.”

“नका!” ताईंचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा कचेरीत मोठा झाला असेल. पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वर केली. “आजवर तो वाईट तरी होता. नाव गाळलंत, तर तो नाहीच होईल.”

आवाज खाली आणून ताई म्हणाल्या, “मी जाते. त्याच्या तोंडून आणते. तो नाही म्हणाला, तर तेही तसंच तुम्हाला सांगते. महिनाअखेरीच्या आत. शब्द देते.”

*

रजेचा अर्ज बघून साहेबांनी चष्मा काढून पुसला. “ताई, तुमची रजा? एकोणतीस वर्षांत? थांबा, मला बसू द्या. बसलोच आहे का मी? बरं. कुणी गेलं का?”

“नाही साहेब. आहे. म्हणूनच जायचंय.”

साहेबांना ते नीटसं कळलं नाही, पण त्यांनी सही केली. खरी पंचाईत वेगळीच होती. किल्ली चार दिवस दुसऱ्या मुलकी माणसाकडे द्यायची, आणि कचेरीत ती घ्यायला कुणी तयार होईना. एकाला रात्री झोप लागत नाही, एकाच्या बायकोला घरात लोखंड चालत नाही, तिसरा म्हणे मला कुलपांचीच भीती. ताईंनाही मनातून बरं वाटू लागलं होतं. कुणी घेतली नाही, तर जाणं आपोआप टळेल. सगळी वर्षं ह्या किल्लीनं त्यांना तेवढा आधार दिला होता: कशी जाणार, किल्ली आहे ना अंगावर! हे लक्षात आलं तेव्हा त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. त्या तडक टंकलेखन करणाऱ्या बाईंकडे गेल्या. त्या जाडजूड, फटकळ, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या.

“द्या इकडे,” त्या म्हणाल्या. “चार पोरं वाढवलीत मी. एक किल्ली सांभाळता येणार नाही?”

संध्याकाळी पाचला कोठार लावताना ताईंनी सुभेदाराला सांगितलं, “उद्यापासून चार दिवस दुसऱ्या बाई येतील. मी धाकट्या भावाकडे जातेय.”

सुभेदार छावणीत येऊन तीनच वर्षं झाली होती. जाड मिशांचा, कामापुरतं बोलणारा. त्यानं वरचं कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि म्हणाला, “थापाड्या हवालदाराकडे?”

ताईंनी वळून बघितलं. “कोण?”

“माफ करा, ताई. आमच्यात त्यांना तसंच म्हणतात. वाईट अर्थानं नाही.” सुभेदार चक्क लाजला. “त्या जीपचा ड्रायव्हर होता ना, तो सांगायचा जेवणघरात. कप्तानाला कसं नदीपलीकडे नेऊन छत्रीचा दांडा दाखवला. तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण नवा जवान आला की जुने अजून ही गोष्ट सांगतात. सांगतात, हुकूम पाळायला छाती लागते, पण असला हुकूम बुडवायला काळीज लागतं. आणि त्या माणसानं कप्तानावर हात उगारला नाही, गोळी चालवली नाही, नुसती थाप मारली.”

“तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं?”

“हो.”

“मग कुणी बोललं का नाही? इतकी वर्षं रोज समोर उभे राहतो आपण!”

सुभेदारानं त्यांच्याकडे नाही, दाराकडे बघितलं. “तुम्ही कधी विचारलं नाहीत, ताई. आम्हाला वाटलं, तुम्हाला तो विषय नको असेल. आणि लष्करातल्या माणसानं मुलकी चौकशीत आपणहून तोंड घालायचं नाही, असं आमचंही वळण.”

ताई दाराशेजारच्या भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या. दगडाची ऊब पाठीला लागत होती. भिंतीच्या अलीकडे त्या आणि पलीकडे दोनशे माणसं. दोन्हीकडे तीच गोष्ट, आणि मधे सगळे शिस्तीचे. तिकडे डोंगरापलीकडे तो एकटा. आपल्याला कुणी फितूर म्हणतं एवढंच त्याला ठाऊक. जवान हसून आपलं नाव घेतात, हे त्याच्यापर्यंत कधी पोचलं नसणार. कोण पोचवणार? जिनं पोचवायचं ती पत्रात लिहीत आली: ‘तब्येत जप. थंडी फार आहे. इकडे सगळं ठीक.’ एकोणतीस पत्रं. घडलं तेवढं.

“हे ऐकीव आहे,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. “छापता येणार नाही.”

“छापू नका,” सुभेदार म्हणाला. “त्यांना सांगा. आणि सांगा, एकदा येऊन जा म्हणावं. जेवणघरात खुर्ची देऊ. वर्दी नसली म्हणून काय झालं?”

ताईंनी नोंदवहीत वेळ लिहिली, सही केली. सही थोडी वाकडी आली. त्यांनी ती तशीच राहू दिली.

*

सकाळी त्या नेहमीच्या वेळी उठल्या. देवापाशी दिवा लावला. हात जोडले तेव्हा उजवा हात रिकामा होता. किती हलका वाटतो हात, असं मनात आलं आणि मग भीतीच वाटली. काय मागावं, ते ठरत नव्हतं. त्यानं माफ करावं, हे मागायचा आपल्याला हक्क आहे की नाही, कुणास ठाऊक. त्यानं दार उघडावं, एवढं मागितलं. मग तेही जास्त वाटून म्हणाल्या, “निदान घरी असू दे.”

पिशवीत दोन लुगडी, एक शाल, औषधाची डबी आणि कागदावर लिहून घेतलेलं पुढच्या गाडीचं वेळापत्रक. भावासाठी काय न्यावं, ह्यावर आदल्या दिवशी अर्धा तास गेला होता. त्याला काय आवडतं ते आठवत होतं, पण ते सगळं सव्वीस वर्षांच्या मुलाचं. पंचावन्न वर्षांच्या माणसाला काय आवडतं, त्याचे केस पांढरे झाले असतील की टक्कल पडलं असेल, तो वाचायला चष्मा लावतो का, पत्रं वाचायला कुणाला सांगतो का, त्याला बायको आहे का, पोरं आहेत का, ती आपल्याला आत्या म्हणतील का, ह्यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी काहीच घेतलं नाही. रिकाम्या हातानंच जावं, हे बरं.

कुलूप लावून त्या शेजारच्या दारापाशी गेल्या. ही वीस वर्षांपासूनची शेजारीण. दात घासत बाहेर आली.

“चार दिवस झाडांना तेवढं पाणी घालाल?” ताई म्हणाल्या.

“घालीन की! पण तुम्ही आणि बाहेरगावी? सूर्य कुठे उगवला आज? कुठे निघालात?”

“धाकट्याकडे.”

“कोण धाकटा?”

“भाऊ माझा.”

शेजारणीच्या तोंडातला ब्रश तसाच राहिला. “अहो, तुम्हाला भाऊ आहे?”

“आहे,” ताई म्हणाल्या.

शेजारीण आणखी काही विचारणार होती, पण ताईंनी पिशवी उचलली होती. गाडी पावणेआठची होती आणि थांब्यापर्यंत चालत वीस मिनिटं. गुडघे कुरकुरत होते, म्हणून जिना त्या एकेक पायरी उतरल्या, एका हातानं कठडा धरून. खाली रस्त्यावर पाणी मारून झालं होतं. नेहमी त्या इथून डावीकडे, छावणीच्या बाजूला वळायच्या. आज क्षणभर थांबल्या आणि उजवीकडे चालू लागल्या.